कंपनीचं नाव टाकलं तरी वेबसाइट येत नाही: उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांचं सीएनसी मशीनशॉप आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि पंपांचे सुटे भाग तिथे होतात. आठ महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाकडून बावीस पानांची वेबसाइट करून घेतली, इंग्रजीत. आज कंपनीचं पूर्ण नाव टाकलं तरी ती गूगलवर येत नाही. एका व्यापारी डिरेक्टरीतलं जुनं पान तेवढं येतं आणि त्यावर कधीच बंद पडलेला लँडलाइन नंबर आहे. आता एक जण महिना बारा हजारांत 'पहिल्या पानावर आणून देतो' म्हणतोय. द्यावेत का?

आज तरी देऊ नका. साइट निकालात खाली कुठेतरी असणं आणि साइट गूगलच्या यादीतच, म्हणजे इंडेक्समध्येच, नसणं हे दोन वेगळे आजार आहेत. बारा हजारवाला पहिल्यावरचं औषध विकतोय आणि तुम्हाला दुसरा झालाय. रेशन कार्डात नावच नसताना दुकानदाराशी तांदळाच्या प्रतीवरून भांडण्यासारखं आहे हे. आधी नाव चढवू.

गूगलच्या बाजूने बघितलं तर काम पायऱ्यापायऱ्यांनी चालतं. आधी तुमच्या पानाचा पत्ता त्याला कळावा लागतो. मग त्याचा क्रॉलर, म्हणजे गूगलबॉट, येऊन पान उचलून नेतो. मग ते वाचलं जातं, मग ठेवायचं की सोडायचं हे ठरतं, आणि कुणी काही विचारलं की त्यातून निवडून दाखवलं जातं. गाडी कुठल्या पायरीवर अडलीय हे कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, कारण एका पायरीवरचा उपाय दुसऱ्या पायरीवर नुकसान करतो. तुमच्याच साइटवर तो घोळ होता होता राहिलाय, सांगतो.

तुम्ही पत्ता पाठवला होता म्हणून मी रात्री बसून बघितलं. पहिली तपासणी कुणालाही जमेल अशी: गूगलच्या चौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून विसर्गासारखे दोन टिंब, आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा मूळ पत्ता. यात गूगलकडे असलेली सगळी पानं दिसतीलच असं नाही, पण अंदाज येतो. तुमचं उत्तर आलं शून्य. म्हणजे यादीत नाहीच. मग दुसरी तपासणी केली, जी फारसं कुणी करत नाही. तुमच्या 'आमच्याविषयी' पानावरचं एक लांबलचक वाक्य उचललं, वडिलांनी पहिलं लेथ घेतलं त्याबद्दलचं, आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधलं. एक निकाल आला. तेच पान, तोच वडिलांचा लेथजवळ उभा असलेला फोटो. पत्ता मात्र साइट करणाऱ्या मुलाच्या डोमेनचा, पुढे 'टेस्ट' जोडलेला.

तुमची साइट गूगलवर आहे. फक्त दुसऱ्याच्या दारात उभी आहे.

हे कसं झालं ते बघा. तुमच्या पानावर उजवं क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' घ्या, कंट्रोल आणि एफ दाबा आणि 'कॅनॉनिकल' हा शब्द इंग्रजीत शोधा. एक ओळ सापडेल. त्या ओळीचा अर्थ असतो, 'या मजकुराचा खरा पत्ता हा धरावा'. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर उघडत असेल तर गूगलला मूळ कुठलं ते सांगण्यासाठी ती असते. त्या मुलाने साइट आधी स्वतःच्या टेस्टच्या पत्त्यावर उभी केली आणि नंतर उचलून तुमच्या डोमेनवर ठेवली. ती ओळ त्याने थीमच्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक पानाच्या डोक्याला लागणाऱ्या फाइलमध्ये, हाताने लिहिली होती आणि ती तशीच राहिली. त्यामुळे तुमची बावीसच्या बावीस पानं आठ महिने गूगलला सांगत होती की आम्ही खरे नाही, खरे ते तिकडे आहेत.

कॅनॉनिकल हा गूगलसाठी हुकूम नसतो, इशारा असतो. इतर खुणा वेगळं सांगत असतील तर गूगल तो झुगारूनही देतं. तुमच्याकडे बाकीच्या खुणासुद्धा तिकडेच बोट दाखवत होत्या. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची गूगलसाठीची यादी, उघडून बघितला तर त्यात सगळे पत्ते टेस्टचे. मेनूमधल्या सहा लिंकांपैकी चार टेस्टच्या. साक्षीदार सगळे एकाच बाजूने बोलल्यावर कोर्ट काय करणार?

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हेडरमधली ती ओळ काढा आणि प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाचा होईल असं करा. वर्डप्रेस या साइट बांधायच्या साधनात एसईओचं, म्हणजे साइट शोधात नीट येण्याच्या कामाचं, कुठलंही बरं प्लगिन हे आपोआप करतं. मग डेटाबेसमधले जुने पत्ते शोधून बदला, म्हणजे मेनू आणि मजकुरातल्या लिंका सुधारतील. मग साइटमॅप नव्याने तयार करा. शेवटी टेस्टच्या प्रत्येक पानावरून तुमच्या त्याच पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे 'पान कायमचं इकडे हललंय' असं सांगून पुढे पाठवणारी सूचना, टाकायला लावा. सगळ्या पानांवरून मुखपृष्ठावर आणून सोडलं तर ते चालत नाही, ज्याचं त्याला जोडायचं.

घोळ इथे होणार होता. तुम्ही लिहिलंय की तो मुलगा म्हणाला, 'टेस्टची साइट मी रोबोट्स फाइलमधून बंद करून टाकतो, मग गूगल आपोआप तुमच्याकडे येईल.' नाही येणार. दार बंद केलं की गूगलबॉट आत येणार नाही, आणि आत आला नाही तर रीडायरेक्ट त्याला दिसणारच नाही. जुना पत्ता यादीत लोंबकळत राहील आणि नवा पत्ता खरा आहे हे सांगणारं कुणी उरणार नाही. गूगलला जुन्या घरी येऊ द्यायचं, तिथे 'बिऱ्हाड हललं, नवा पत्ता हा' अशी पाटी वाचू द्यायची.

हाच गैरसमज आणखी एका रूपात सतत भेटतो म्हणून इथे जरा थांबतो. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल क्रॉलरला सांगते की कुठे जाऊ नको. हा संकेत १९९४ पासूनचा आहे आणि २०२२ मध्ये तो इंटरनेटचं प्रस्तावित मानक म्हणून रीतसर प्रसिद्ध झाला. नोइंडेक्स ही वेगळी गोष्ट आहे. ती पानाच्या आत असते आणि सांगते की मला यादीत घेऊ नको. पहिली म्हणजे फाटकावरचा वॉचमन, दुसरी म्हणजे सोप्यातला फलक. फलक वाचायला आत यावं लागतं. लोक एखादं पान काढून टाकायचं म्हणून दोन्ही एकदम लावतात, आणि महिनाभराने विचारतात की पान अजून गूगलवर कसं दिसतं. वॉचमनने अडवल्यावर फलक वाचला कुणी? बाहेरून कुणी लिंक दिलेली असेल तर न वाचलेला पत्तासुद्धा नुसत्या नावानिशी यादीत येऊ शकतो.

तुमच्याकडे नोइंडेक्स नव्हतं हे मी बघितलं. पण ज्यांची साइट वर्डप्रेसवर आहे आणि जी कधीच आलेली नाही त्यांनी पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडावं. तिथे तळाशी एक चौकोन असतो, सर्च इंजिनांना ही साइट घेऊ नका म्हणून सांगणारा. काम चालू असताना करणारे त्यावर टिक लावतात, आणि ते बरोबरच असतं. साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहते. माझ्याकडे येणाऱ्या दर पाच-सहा तक्रारींमागे एक तरी या टिकेची असते. शहापुरातल्या एका दुकानाने त्या टिकेपायी दोन दिवाळ्या ऑनलाइन ऑर्डरीशिवाय काढल्या. टिक काढायला मला लागलेला वेळ चहा यायच्या आतला. पैसे किती घ्यायचे हाच प्रश्न पडला. शेवटी एक धारवाडी खण घेऊन आलो. एक लक्षात ठेवा: नोइंडेक्स पानाच्या सोर्समध्ये न दिसता सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमधूनही जाऊ शकतं. त्यामुळे सोर्स बघून 'आमच्यात नाही' असं छातीठोक म्हणू नये.

मग बघायचं कशात? गूगल सर्च कन्सोलमध्ये, साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात. फुकट आहे. डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करायला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी नोंद टाकावी लागते, किंवा साइटवर एक छोटी फाइल ठेवावी लागते. ते खातं कंपनीच्या ईमेलवर काढा, मुलाच्या नको. आणि जाता जाता डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही बघा. साइट करणाऱ्यांनी डोमेन स्वतःच्या खात्यावर घेतलेलं असतं. नंतर नोकरी लागते, ते पुण्याला नाहीतर बंगळूरला जातात, नंबर बदलतो आणि नूतनीकरणाचा ओटीपी जातो कुणाला ठाऊक कुठे. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. पण डोमेन म्हणजे दुकानाच्या जागेचा उतारा आहे, तो आपल्या नावावर असावा.

सर्च कन्सोलमध्ये वर एक चौकट असते, त्यात आपल्या पानाचा पूर्ण पत्ता टाकला की गूगलला त्या पानाबद्दल काय माहीत आहे ते कळतं: शेवटचं कधी उचललं, उचलता आलं का, कॅनॉनिकल तुम्ही कुठला सांगितला आणि गूगलने कुठला मानला. तुमच्या बाबतीत शेवटच्या दोन ओळींतच सगळी कथा दिसेल. तिथेच 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' असं बटण आहे. ते दाबलं की गूगल त्या क्षणी तुमच्या साइटवर येऊन जातं आणि त्याला पान कसं दिसलं त्याचं चित्र दाखवतं. माझ्या कामातलं सगळ्यात उपयोगी बटण तेच.

त्याचा एक किस्सा सांगतो. हिंडलग्याच्या पुढे काजूचा कारखाना असलेले एक गृहस्थ आले. साइट व्यवस्थित होती. कॅनॉनिकल बरोबर, नोइंडेक्स नाही, साइटमॅप नीट. तरी पानं एक एक करून यादीतून गळत होती. म्हणाले, 'गूगल काय आमच्यावर रुसलंय काय ओ? सगळ्यांच्या मोबाइलात उघडतंय की!' खरंच उघडत होतं. माझ्या लॅपटॉपवर, त्यांच्या मुलीच्या फोनवर मुंबईत, सगळीकडे. लाइव्ह टेस्ट दाबली आणि आलं ४०३, प्रवेश नाही. होस्टिंगवाल्याला फोन लावला तर तो आधी मानेना. मग आठवलं त्याला. चार महिन्यांपूर्वी परदेशातून लॉगिन फोडायचे प्रयत्न झाले होते, तेव्हा त्याने फायरवॉलमध्ये भारताबाहेरची सगळी वाहतूक बंद केली होती. गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो. चोर अडवायला कुलूप लावलं आणि पोस्टमनही बाहेर राहिला.

यात गंमत अशी की मालकाला हा दोष कधीच दिसत नाही, कारण मालक आणि त्याची गिऱ्हाइकं सगळी भारतात. देशबंदी काढायची नसेल तर खऱ्या गूगलबॉटला सूट देता येते. मात्र 'मी गूगलबॉट' असं नुसतं नाव सांगणाऱ्याला आत घेऊ नये, ते नाव कुणीही लावतं. येणाऱ्या आयपीचा उलटा डीएनएस तपासायचा, किंवा गूगल स्वतः त्याच्या आयपींची यादी प्रसिद्ध करतं तिच्याशी ताडायचं. होस्टिंगवाल्याला एवढं सांगितलं की त्याला कळतं. कारखान्याची पानं पुढच्या पंधरवड्यात परत यायला लागली. सर्व्हरचाच आणखी एक प्रकार म्हणजे रोबोट्स फाइल मागितल्यावर सर्व्हर ५०० च्या घरातला एरर देतो. फाइलच नसेल, ४०४ असेल, तर काही बिघडत नाही, गूगल समजतं की बंदी नाही. पण ५०० आला की ते सावध होऊन साइट वाचायचंच थांबवतं.

आता आपल्या भागातला खास आजार. तुमची साइट इंग्रजीत आहे, त्यामुळे तुम्हाला तो अर्धाच लागू आहे, पण वाचणाऱ्यांत मराठी-कन्नड साइटवाले असतील. वडगावातल्या एका विणकर कुटुंबाने शहापुरी साड्यांसाठी छान मराठी साइट केली होती. पानावर मजकूर अस्सल देवनागरीत दिसायचा. मी एक ओळ सिलेक्ट करून कॉपी केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या थोरल्या मुलाला पाठवली. त्याच्या फोनवर काय आलं? इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची खिचडी. मजकूर लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता. त्या फाँटात आतलं अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. माणूस मुखवटा वाचतो, गूगल आतलं वाचतं. 'काठपदर' हा शब्द त्या साइटवर चाळीस वेळा होता, आणि गूगलच्या दृष्टीने एकदाही नव्हता. कन्नडमध्येही जुन्या फाँटांची हीच रड आहे.

उपाय म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणणं. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं यांत ती हमखास चुकतात. म्हणून बदलल्यावर एखाद्या शिक्षकाकडून वाचून घ्या. त्या घरातल्या आजोबांनीच सगळं वाचलं, आणि साड्यांच्या नावातल्या डीटीपीवाल्याच्याही चार चुका काढल्या.

याचंच भावंड म्हणजे चित्रातला मजकूर. कोरलड्रॉमध्ये केलेला पँफलेट जेपीजी करून पानावर चिकटवलेला असतो, त्यातच दर, पत्ता, उत्पादनांची नावं, सगळं. तुमच्या साइटवर 'आमची उत्पादनं' या पानांचं तेच झालंय. प्रत्येक पानावर कॅटलॉगचं एक स्कॅन केलेलं पान आणि खाली 'संपर्क साधा'. चित्रातलं वाचून गूगल तुमचं पान योग्य माणसापुढे ठेवील या भरवशावर राहू नका. कॅनॉनिकल दुरुस्त झाल्यावर सर्च कन्सोलमध्ये यातल्या काही पानांपुढे 'क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही' असा शेरा येईल असं मला वाटतं. तो शेरा बघून लोक घाबरतात आणि तांत्रिक चूक शोधत बसतात. बहुतेक वेळा चूक तांत्रिक नसते. गूगल आलं, वाचलं आणि ठेवण्यासारखं काही नाही असं त्याने ठरवलं. त्याच्या शेजारचा 'सापडलं, सध्या इंडेक्स नाही' हा शेरा वेगळा, तिथे पत्ता माहीत आहे पण पान अजून उचललेलंच नाही.

त्या पानांवर काय लिहायचं हे वडिलांना विचारा, मला नको. पुण्याचा किंवा कोइम्बतूरचा खरेदी विभागातला माणूस 'उत्तम दर्जा' शोधत नाही. तो एफजी २६० किंवा एसजी ५००/७ अशा बिडाच्या प्रती शोधतो, बोअरची टॉलरन्स किती धरता ते शोधतो, मशीनच्या बेडवर किती मोठा जॉब बसतो, पन्नास नगांची ऑर्डर घेता की पाच हजारांचीच, कास्टिंग तुम्ही आणता की गिऱ्हाइकाने द्यायचं, लीक टेस्ट किती दाबावर करता, हे शोधतो. वडील फोनवर दिवसातून चार वेळा हीच उत्तरं देत असतील. एक आठवडा त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा. बावीस पानांची नऊ झाली तरी चालतील.

मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांत साइट करायची असेल तर प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता द्या. खडेबाजारातल्या एका मिठाईवाल्याने आलेल्या माणसाच्या ठिकाणावरून भाषा ठरवायची हुशारी केली होती: महाराष्ट्रातून आला तर मराठी, कर्नाटकातून आला तर कन्नड, बाकीच्यांना इंग्रजी. बेळगावात बसून 'कर्नाटकातून आला तर कन्नड' म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या मावशींना कुंद्याचा दर कन्नडमध्ये वाचायला लावणं. आणि गूगलबॉट येतो अमेरिकेतून, त्यामुळे त्याला कायम इंग्रजीच दिसायचं. मराठीत 'बेळगावचा कुंदा' शोधणाऱ्याला ते मराठी पान कधीच मिळालं नाही, कारण गूगलने ते कधी पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण ठेवणारी आणि पत्ता तोच राहणारी भाषांतराची साधनंही याच कारणाने शोधात कामाची नाहीत. तीन पत्ते, तिन्हींवर एकमेकांच्या साध्या लिंका, आणि हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या एचरेफलँग नावाच्या खुणा. मराठी पानाने कन्नड पानाचं नाव घेतलं तर कन्नड पानानेही मराठीचं घ्यायला हवं, एकतर्फी नातं गूगल मानत नाही.

गावाच्या नावाचंही असंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, जीएसटीच्या कागदावर तेच येतं, आणि तोंडात आपल्या बेळगाव, इंग्रजीत जुन्यांच्या बेलगाम. त्या वादात मी साइटच्या बाबतीत पडत नाही. पत्त्यात अधिकृत नाव ठेवा आणि मजकुरात लोक जे म्हणतात तेही सहज येऊ द्या. गूगलला ही नावं एकाच गावाची आहेत हे बऱ्यापैकी कळतं. पण तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पन्नास वेळा नाव लिहिण्याचा प्रकार करू नका. तो स्पॅममध्ये मोडतो आणि अजूनही करणारे आहेत. कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी, भरून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर हसून चहा पाजा. गूगल तो बघत नाही हे त्याने २००९ मध्येच जाहीर केलंय.

वेगाबद्दल थोडक्यात. गूगल आता साइट मुख्यतः मोबाइलवरून बघतं, आणि ५ जुलै २०२४ नंतर जी साइट मोबाइलवर उघडतच नाही ती यादीत घेतही नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, असे त्याचे मापदंड आहेत. फोनमधून काढलेला सहा-सात एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. पण साइट नुसती हळू आहे म्हणून यादीतून बाहेर राहिली असं मी क्वचितच पाहिलंय. वेगाचे शंभरपैकी शंभर गुण आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याची तुमची वेळ अजून आलेली नाही.

'साइट:' शोधात कुणाला भलतंच दिसलं, म्हणजे आपली पानं वीस आणि गूगल दाखवतं हजारो, तीही जपानी लिपीत बुटांच्या नाहीतर घड्याळांच्या जाहिराती, तर साइट फोडली गेली आहे. फुकटात मिळालेली क्रॅक केलेली थीम हे त्याचं नेहमीचं कारण. ती पानं मालकाला दिसत नाहीत, फक्त गूगलला दाखवली जातात. तिथे एसईओवाल्याला नव्हे, साइट साफ करणाऱ्याला बोलवा. सर्च कन्सोलमध्ये अनोळखी कुणी मालक म्हणून घुसलाय का तेही बघा, साइट फोडणारे तेवढं करून ठेवतात.

निपाणी-चिकोडीकडून एक वेगळाच प्रश्न बऱ्याचदा यायचा: 'आमची साइट आधी दिसायची, आता उघडतच नाही.' ती गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनलेली एकपानी साइट असायची. तो प्रकार गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केला. नकाशावरची नोंद राहिली, साइट गेली. व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापलेला असेल तर कार्डं बदला. तुमचीही नकाशावरची नोंद मला सापडली नाही. तीही करून घ्या, कारण उद्यमबागेत पत्ता विचारत फिरणारे ट्रकवाले नकाशाच उघडतात. पण नकाशावरची नोंद आणि साइट यादीत येणं यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

दुरुस्ती झाल्यावर नवा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये द्या, आणि मुखपृष्ठ व चार-पाच महत्त्वाच्या पानांसाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबा. रोज उठून दाबल्याने काही होत नाही, उलट त्याला दिवसाची मर्यादा आहे. काही दिवस ते काही आठवडे लागतात. 'आमच्याकडे खास एपीआय आहे, चोवीस तासांत इंडेक्स' असं कुणी म्हणालं तर तो एपीआय, म्हणजे पान बदलल्याचं गूगलला थेट कळवायची सोय, नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे, व्हॉल्व्हच्या बॉडीसाठी नाही. टेस्टचा पत्ता निकालातून घालवायला 'रिमूव्हल' साधन वापरायचा मोह होईल. ते नुसतं सहा महिन्यांपुरतं झाकतं, आणि त्या मुलाने स्वतःच्या डोमेनऐवजी चुकून तुमचं टाकलं तर तुमची साइट सहा महिने झाकली जाईल. असं झालेलं मी एकदा निस्तरलंय.

बारा हजारांचं म्हणाल तर पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही, असं खुद्द गूगल लिहून सांगतं. गूगलला जाहिरातीचे पैसे दिल्यानेही नेहमीच्या निकालात जागा मिळत नाही. एक महिन्याचे बारा हजार बाजूला ठेवाच, पण ते उत्पादनांचे चांगले फोटो आणि त्या नऊ पानांच्या इंग्रजी लिखाणावर घाला. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधून तुमच्यापर्यंत पोचतात ते दिसायला लागेल. तेव्हा कुणाला काम द्यायचं असेल तर ती यादी समोर ठेवून बोला, तो माणूस त्यातलं काय वाचतो ते बघा.

आणि टेस्टच्या पत्त्यावरचे रीडायरेक्ट त्या मुलालाच टाकता येणार, कारण ते डोमेन त्याचं आहे. गणपतीला गावी आलाय असं तुम्ही लिहिलंय. विसर्जन झालं की तो परत जाईल. त्याला उद्याच दुकानात बोलवा, बावीस पत्त्यांची दोन रकान्यांची यादी, डावीकडे जुना, उजवीकडे नवा, आज रात्रीच करून ठेवा, आणि तो निघायच्या आत तुमच्या डोमेनच्या खात्याचा पासवर्डही घ्या.